जखमेपासून वर चढणारी लाल रेघ

कापूस वेचताना बोंडाचं टोक नखाशी घुसतं, बाभळीचा काटा चप्पल फोडून तळपायात जातो. खान्देशात याचं कौतुक कुणाला? हळद दाबली की माणूस पुन्हा कामाला. बहुतेक जखमा अशाच सुकतात. एखादी मात्र ठणकायला लागते, हुडहुडी भरून ताप येतो आणि जखमेपासून जांघेकडे किंवा काखेकडे लाल रेघ चढताना दिसते. ती रेघ रक्तवाहिनीची नसते. सुजलेली असते ती लसिकावाहिनी.

रक्तातून पेशींच्या फटींत झिरपलेलं सगळंच पाणी थेट शिरांत परतत नाही. मागे राहिलेलं पाणी, दिवसाला काही लिटर, या वाहिन्या शेतातल्या चरासारखं गोळा करतात आणि मानेच्या बुडाशी मोठ्या शिरेत सोडतात. वाटेत लसिकाग्रंथी जंतू अडवतात. जखमेतून आत शिरलेले जंतू, बहुतेकदा स्ट्रेप्टोकॉकस, याच वाटेने निघाले की वाहिनीची भिंत लाल होते आणि पुढची ग्रंथी फुगते. जांघेत अवधान, म्हणजे दुखरी गाठ, येते ती अशी.

अवधानावर बिब्बा घालायची खोड अजून गेलेली नाही. बिब्ब्याने कातडी भाजते आणि जंतूंना दुसरं दार उघडं होतं. चोळणंही नको. रेघेच्या टोकाशी बॉलपेनने खूण करावी आणि तडक दवाखाना गाठावा. रेघ काही तासांतच खुणेपुढे सरकू शकते. अँटिबायोटिक वेळेत मिळालं तर आजार सहसा आटोक्यात येतो. उशीर झाला तर जंतू रक्तात उतरतात. मधुमेह असेल तर रात्र काढायचा विचारही करू नये.

हत्तीरोगात मात्र उलटं घडतं. तिथे जंत वाहिनीतच ठाण मांडून असतात आणि रेघ बऱ्याचदा ग्रंथीकडून खाली पायाकडे उतरते.

जनावराच्या अंगावर केस, त्यामुळे तिथे रेघ दिसत नाही, हाताला लागते. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाणता गिऱ्हाईक दात बघून थांबत नाही, मागच्या पायाच्या आतल्या बाजूने हात फिरवतो. कातडीखाली दोरीसारखी ताठ वाहिनी आणि तिच्यावर ओळीने गाठी लागल्या, तर सौदा तिथेच थांबवावा. गोठ्यातल्या घाणीतून पायाच्या जखमेत शिरलेल्या जंतूंमुळेही असं होतं, बुरशीमुळेही होतं.

गाईबैलांत लम्पीमध्येही या वाहिन्या सुजतात. 2022 च्या साथीत जळगाव जिल्ह्याने सुजलेले पाय, गळ्याखाली लोंबणारी पोळी आणि फुगलेल्या ग्रंथी पुष्कळ पाहिल्या. लम्पी निदान माणसाला होत नाही.

घोड्यात अशाच गाठी आणणारा ग्लँडर्स हा जंतूंचा रोग मात्र माणसालाही होतो. गाठी फुटून चिकट पू वाहतो, नाकातूनही स्राव येतो, आणि हाताला साधी चीर असली तरी जंतूंना तेवढी वाट पुरते. म्हणून असल्या गाठी उघड्या हाताने पिळायच्या नाहीत, पशुवैद्यकाला बोलवायचं. रक्ततपासणीत रोग पक्का ठरला तर घोड्यावर उपचार करत नाहीत, त्याला मारून टाकावं लागतं. या रोगावर लसही नाही.