दुकानात लागलेली अनोळखी तबकडी

मुंबईच्या काळा घोडा भागातील ‘ऱ्हिदम हाऊस’ हे संगीताचे दुकान १९४८ साली सुरू झाले आणि २०१६ साली बंद झाले. विकत घेण्यापूर्वी रेकॉर्ड ऐकून पाहण्यासाठी तिथे असलेल्या लहानशा बूथची आठवण जुने ग्राहक आजही काढतात. मला मात्र वाटते, की अशा दुकानातला खरा आनंद बूथच्या बाहेर असतो. कव्हरे एकेक करून चाळत असताना काउंटरवरच्या माणसाने स्वतःच्या आवडीने लावलेले, आपण कधीही न ऐकलेले काहीतरी कानावर पडते, बोटे थबकतात आणि मान आपसूक स्पीकरकडे वळते. त्या क्षणी मेंदूत काय घडते, हे शोधणारा एक महत्त्वाचा प्रयोग तर जणू रेकॉर्डच्या दुकानासारखाच रचलेला होता.

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील रॉबर्ट झॅटोर, व्हॅलरी सलीमपूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१३ साली प्रसिद्ध केला. मेंदूचा कोणता भाग किती सक्रिय आहे हे दाखवणाऱ्या एफएमआरआय यंत्रात झोपलेल्या १९ जणांपैकी प्रत्येकाला ६० गाण्यांचे तुकडे ऐकवण्यात आले. गाणी त्यांच्या आवडीच्या वळणाची, पण आधी न ऐकलेली होती. प्रत्येक तुकड्यानंतर ते गाणे विकत घेण्यासाठी किती पैसे मोजणार हे त्यांना सांगायचे होते, आणि पैसे खरोखर त्यांच्याच खिशातून जाणार होते. ज्या गाण्याला मोठी बोली लागली, ते वाजत असताना न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बेन्स हा मेंदूच्या खोलवरचा छोटा भाग अधिक सक्रिय झालेला दिसला. चविष्ट अन्न मिळाल्यावर किंवा पैसे जिंकल्यावर जागा होणारा हाच तो भाग. याहून लक्षणीय गोष्ट अशी, की आवाजाची उकल करणारे भाग नावडत्या गाण्यालाही काम करतच होते. बोली वाढली ती त्या भागांचा न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बेन्सशी असलेला संवाद वाढला तेव्हा. आयुष्यभर ऐकलेल्या संगीताचे ठसे श्रवणाच्या याच भागांत साठलेले असतात. म्हणूनच एका तबकडीने एका ग्राहकाची मान वळते आणि त्याच्या शेजारचा मात्र कव्हरे चाळत राहतो.

याच गटाने २०११ साली, आवडते वाद्यसंगीत ऐकताना अंगावर रोमांच उभे राहणाऱ्या आठ जणांची तपासणी केली होती. आनंदाच्या शिखरावर डोपामाइन हे मेंदूतले आनंदाशी जोडलेले रसायन न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बेन्समध्ये स्रवले. पण त्याच्या काही सेकंद आधी, नुसती चाहूल लागताच, ते कॉडेट नावाच्या दुसऱ्या भागात स्रवले होते. मैफलीत बसणाऱ्याला ही चाहूल चांगली परिचयाची असते. तीनतालाच्या सोळा मात्रांचे आवर्तन चालू असते, तिहाई सुरू होते, तोच तुकडा दोनदा येऊन जातो, आणि तिसऱ्यांदा तो समेवर येण्याआधीच श्रोत्यांचे हात उचललेले असतात.

अनोळखी संगीतात ही चाहूल लागते कशी? आजवर ऐकलेल्या संगीतातून मेंदूने नकळत नियम गोळा केलेले असतात, आणि त्यांच्या आधारे तो पुढच्या स्वराचा अंदाज बांधत राहतो. जर्मनीतील लाइपझिग येथील संशोधकांनी २०१९ साली ७४५ लोकप्रिय पाश्चात्त्य गाण्यांतील कॉर्डचा, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरसमूहांचा, संगणकाच्या मदतीने अभ्यास केला. पुढे काय येणार याची खात्री असताना ती खोटी ठरली, किंवा काहीच अंदाज नसताना अपेक्षेत बसणारे काही आले, की श्रोत्यांना सर्वाधिक आनंद होतो, असे त्यांना आढळले. दुकानातला बेसावध ग्राहक बहुधा दुसऱ्या स्थितीत असतो, असे मला वाटते. स्वतः तयार केलेली गाण्यांची यादी ऐकताना ही स्थिती सहसा वाट्याला येत नाही.

आवाज ज्या जागेत घुमतो, तिचाही यात वाटा आहे. हेडफोन लावून मान वळवली तरी कानांवर पडणारा आवाज बदलत नाही, त्यामुळे संगीत डोक्याच्या आतच वाजल्यासारखे भासते. स्पीकरचा आवाज मात्र जवळच्या कानाला दुसऱ्यापेक्षा जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंद आधी पोहोचतो, आणि एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. भिंतींवरून आणि रॅकवरून परतणाऱ्या ध्वनिलहरी किंचित उशिरा येतात. त्या तो मूळ आवाजातच मिसळून टाकतो, पण दिशा पहिल्या लहरीवरूनच ठरवतो. म्हणून लहानशा, खच्चून भरलेल्या दुकानात संगीत सगळीकडून भरून आल्यासारखे वाटते, तरीही ते काउंटरमागून येत आहे हे पाठमोऱ्या माणसालाही कळते.

मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी लाँग प्ले तबकडीही ‘ऱ्हिदम हाऊस’प्रमाणे १९४८ सालचीच. तिची एक बाजू वीसेक मिनिटे चालते आणि ग्राहकाला ती पुढे ढकलता येत नाही. एखादी गोष्ट निव्वळ पुन्हा पुन्हा समोर आल्यानेही आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ साली दाखवून दिले होते. पहिल्या मिनिटाला परका वाटलेला सॅक्सोफोनचा तुकडा चौथ्यांदा येतो, तोवर कान त्याची वाट पाहू लागलेले असतात. मग सुई आतल्या रिकाम्या खाचेत पोहोचते, काउंटरवरचा माणूस तबकडी उलटायला उठतो, आणि हातातले कव्हर तसेच धरून ग्राहक विचारतो, ‘‘आत्ता लागलं होतं, ते काय होतं?’’