केवल मूल्य

केवल मूल्य : (निरपेक्ष मूल्य). संख्यारेषेवर एखादी वास्तव संख्या शून्यापासून जितक्या अंतरावर असते, ते अंतर म्हणजे त्या संख्येचे केवल मूल्य. क्ष या संख्येचे केवल मूल्य |क्ष| असे दोन उभ्या रेघांमध्ये लिहितात. |७| = ७, |−७| = ७ आणि |०| = ०. अंतर ऋण नसते, म्हणून केवल मूल्यही ऋण नसते. आणि ते शून्य असते ते फक्त शून्याचेच. वर्गात बोलताना ‘मॉड क्ष’ (‘मॉड’ म्हणजे इंग्रजी ‘मॉड्युलस’चे लघुरूप) असाच उच्चार सर्रास ऐकू येतो.

संज्ञा : मराठी पाठ्यपुस्तकांत ‘केवल मूल्य’ आणि ‘निरपेक्ष मूल्य’ हे दोन्ही शब्द आढळतात व त्यांत अर्थाचा फरक नाही. ‘मापांक’ (मॉड्युलस) हा शब्द मुख्यतः संमिश्र (जुन्या ग्रंथांत सदसत्) संख्यांच्या, म्हणजे अ + ब√−१ अशा रूपाच्या संख्यांच्या, संदर्भात येतो. तोच शब्द पदार्थांच्या स्थितिस्थापकतेसाठी आणि भागाकाराच्या शेषांवर आधारलेल्या अंकगणितातही वापरात असल्याने वास्तव संख्यांपुरता ‘केवल मूल्य’ हा शब्द अधिक निःसंदिग्ध ठरतो. मात्र ‘केवल’ म्हणजे चिन्हावाचून उरलेले, असा अर्थ घेतला की पुढच्या बऱ्याच चुकांची मुळे तिथेच रुजतात.

व्याख्या : सूत्ररूपात व्याख्या दोन भागांत देतात. क्ष ≥ ० असेल तर |क्ष| = क्ष; क्ष < ० असेल तर |क्ष| = −क्ष. दुसरा भाग वाचताना विद्यार्थी हमखास अडखळतो. ‘केवल मूल्य ऋण नसते म्हणता, मग उत्तर −क्ष कसे?’ हा प्रश्न रास्त आहे. −क्ष ही लिहायला ऋण दिसणारी, पण ऋण असेलच असे नाही, अशी संख्या आहे. क्ष = −७ घेतल्यास −क्ष = −(−७) = ७. अक्षरापुढचे उणे चिन्ह ‘विरुद्ध संख्या’ एवढेच सांगते.

‘उणे चिन्ह काढून टाकायचे’ हा शाळेत मिळणारा सोपा नियम अंकांत लिहिलेल्या संख्येला चालतो. अक्षर आले की तो कोसळतो. |क्ष − ३| मधले उणे पुसून क्ष + ३ लिहिणारी उत्तरपत्रिका ज्याने तपासली आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. प्रस्तुत लेखकाच्या मते अंतराची व्याख्या आधी व सूत्र नंतर, हाच क्रम योग्य. |क्ष − अ| म्हणजे क्ष आणि अ या दोन बिंदूंमधले अंतर, एवढे मनात ठसले की निम्म्याहून अधिक उदाहरणे आकृतीवरच सुटतात. |क्ष + ४| दिसले की ते |क्ष − (−४)| असे वाचावे, म्हणजे −४ पासूनचे अंतर.

तिसरी व्याख्या वर्गमूळाची आहे : |क्ष| = √(क्ष²). √ हे चिन्ह ऋणेतर वर्गमूळच दाखवते असा संकेत असल्यामुळे √(क्ष²) = क्ष असे बेधडक लिहिणे चूक ठरते; क्ष = −५ असताना डावी बाजू ५ आणि उजवी −५ येते. धन संख्येला धन व ऋण अशी दोन वर्गमुळे असतात हे भास्कराचार्यांनी (दुसरे) ‘बीजगणित’ या ग्रंथात ‘स्वमूले धनर्णे’ या शब्दांत स्पष्ट नोंदवले आहे. त्या दोहोंतून एक निवडण्याचा संकेत मात्र फार नंतरचा.

इतिहास : कल्पना जुनी, नाव व चिन्ह अलीकडचे. ब्रह्मगुप्तांच्या ब्राह्मस्फुटसिद्धांतात (इ. स. ६२८) धन व ऋण राशींची बेरीज म्हणजे त्यांचे ‘अंतर’, आणि त्या सारख्या असल्यास शून्य, असा नियम आहे. तो वापरायचा तर चिन्हे बाजूला ठेवून नुसती परिमाणे ताडून पाहावीच लागतात. भास्कराचार्यांच्या बीजगणितात (बारावे शतक) ऋण राशीच्या डोक्यावर बिंदू देण्याची रीत आहे. बिंदू पुसला की उरते ते परिमाण. यावरून केवल मूल्याची संकल्पना या ग्रंथांत होतीच, असे म्हणणे मात्र ताणलेले होईल. तेथे परिमाणाचा उपयोग आहे, पण अज्ञात राशीवर करायची स्वतंत्र क्रिया म्हणून तिला नाव दिलेले नाही.

आधुनिक संज्ञेचा उगम संमिश्र संख्यांच्या भूमितीय मांडणीत दिसतो. भूमापक कॅस्पर वेसेल यांनी १७९७ मध्ये डॅनिश अकादमीपुढे वाचलेला व १७९९ मध्ये छापलेला निबंध या विषयावरचा पहिला मानतात. तो जवळजवळ शंभर वर्षे दुर्लक्षित राहिला. याच विषयावरची आर्गां यांची पुस्तिका १८०६ मध्ये पॅरिसला लेखकाच्या नावाविना निघाली, आणि ती कोणाची हे १८१३ च्या सुमारास उघड झाले. संमिश्र संख्येच्या लांबीला ‘मोड्यूल’ म्हणजे मापांक हे नाव आर्गां यांनी दिले यावर मतभेद नाही. केव्हा, यावर आहे. काही संदर्भग्रंथ १८०६ हे वर्ष देतात, तर काही १८१४ मधील त्यांच्या लेखाकडे बोट दाखवतात. दोहोंत १८१४ अधिक सुरक्षित वाटते. फ्रेंच गणिती कोशी यांच्या १८२१ च्या विश्लेषणावरील ग्रंथात वास्तव संख्येसाठी ‘संख्यात्मक मूल्य’ या अर्थाचा फ्रेंच शब्दप्रयोग आणि संमिश्र संख्येसाठी ‘मोड्यूल’ असे दोन वेगळे शब्द आहेत. म्हणजे त्या वेळी या दोन गोष्टी एकाच नावाखाली आलेल्या नव्हत्या.

दोन उभ्या रेघांचे चिन्ह जर्मन गणिती कार्ल वायरश्ट्रास यांचे. त्याचा काळ सामान्यतः १८४१ देतात, पण येथे एक खुलासा आवश्यक आहे. ज्या निबंधांत हे चिन्ह आढळते ते १८४१ मध्ये लिहिलेले असले, तरी छापले गेले १८९४ मध्ये, त्यांच्या समग्र लेखनाच्या पहिल्या खंडात. तेव्हा ‘१८४१ पासून वापर’ याचा अर्थ लेखकाच्या हस्तलिखितातला वापर असाच घ्यायला हवा. १८५६ पासून वायरश्ट्रास बर्लिनमध्ये शिकवत होते; चिन्हाचा प्रसार छापील निबंधापेक्षा त्या व्याख्यानांतून आणि शिष्यांच्या लेखनातून झाला असावा, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. सीमेची (लिमिटची) काटेकोर व्याख्याही त्यांच्याच परंपरेतली : क्ष आणि अ यांतील अंतर पुरेसे लहान ठेवले की फलाचे (फंक्शनचे) मूल्य व सीमा यांतील अंतर हवे तितके लहान राहते. ‘अंतर’ हा शब्द दोनदा येणारे हे वाक्य उभ्या रेघांशिवाय आटोपशीर लिहिताच येत नाही.

योगायोग असा, की इंग्रज गणिती आर्थर केली यांनी निर्धारकासाठी (संख्यांच्या चौरस मांडणीवरून काढायच्या एका संख्येसाठी) दोन उभ्या रेघा वापरल्या त्याही १८४१ मध्येच. दोन्ही वापर आजही चालू आहेत आणि |अ| म्हणजे काय हे संदर्भावरूनच ठरते. निर्धारक ऋण असू शकतो, त्यामुळे गोंधळ निव्वळ दिसण्यापुरता नसतो.

समीकरणे : |क्ष − ३| = ५ हे समीकरण ‘३ पासून ५ अंतरावरचे बिंदू कोणते?’ असे विचारते. उजवीकडे ८, डावीकडे −२. उजव्या बाजूला शून्य असेल तर उकल एकच, ऋण संख्या असेल तर एकही नाही; |२क्ष − ७| = −१ पाहून बेरीज-वजाबाकीला लागणे म्हणजे वेळ घालवणे. रेघांच्या आत वर्गपद आले तरी युक्ती तीच : |क्ष² − ५| = ४ मधून क्ष² = ९ किंवा क्ष² = १, म्हणून ३, −३, १, −१ अशा चार उकली.

अडचण येते ती उजव्या बाजूलाही अज्ञात असले की. |२क्ष + १| = क्ष − ४ हे उदाहरण पाहू. नेहमीच्या रीतीने दोन फाटे : २क्ष + १ = क्ष − ४ यावरून क्ष = −५; २क्ष + १ = −क्ष + ४ यावरून क्ष = १. दोन उत्तरे मिळाली म्हणून अधोरेखित करून पुढे जाण्याचा मोह होतो. पण मूळ समीकरणात ठेवून पाहावे. क्ष = −५ असता डावी बाजू |−९| = ९, उजवी −९. क्ष = १ असता डावी ३, उजवी −३. दोन्ही खोटी, समीकरणाला उकल नाही. कारण उघड आहे : दोन फाटे पाडताना उजवी बाजू ऋण नाही हे गृहीत धरले होते, म्हणजे क्ष ≥ ४ ही अट होती, आणि ती कुठे लिहिलीच नाही. आता फक्त एक चिन्ह बदलून |२क्ष + १| = क्ष + ४ घ्या. उत्तरे ३ आणि −५/३ येतात, आणि पडताळ्यात दोन्ही टिकतात (७ = ७, ७/३ = ७/३). आधीच्या दोन उत्तरांत व या दोन उत्तरांत दिसण्यात काहीच फरक नाही. म्हणून पडताळा ही येथे सौजन्याची पायरी नसून उकलीचाच भाग आहे.

अनेक केवल मूल्यांची बेरीज असेल, तर ज्या बिंदूंवर आतील राशी शून्य होतात तेथे संख्यारेषेचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात स्वतंत्र समीकरण सोडवतात. ही रीत बिनचूक, पण लांब. |क्ष − १| + |क्ष − ५| ही राशी १ व ५ पासूनच्या अंतरांची बेरीज आहे. क्ष या दोहोंच्या मध्ये कुठेही असो, बेरीज ४ च भरते; बाहेर पडला की वाढते. म्हणून ही बेरीज ४ असेल तर १ पासून ५ पर्यंतची प्रत्येक संख्या उकल आहे, ६ असेल तर फक्त ० आणि ६, आणि ३ असेल तर कोणतीच नाही.

असमानता : |क्ष − २| < ३ म्हणजे २ पासून ३ पेक्षा कमी अंतरावर, म्हणून −१ < क्ष < ५. |क्ष − २| > ३ म्हणजे त्या पट्ट्याच्या बाहेर. क्ष < −१ किंवा क्ष > ५. पहिल्या प्रकारात दोन अटी ‘आणि’ने जोडलेल्या असतात, दुसऱ्यात ‘किंवा’ने. ही दुसरी उकल ५ < क्ष < −१ अशी एकसंध लिहिण्याची सवय फार पसरलेली आहे. ती चूक मांडणीची वाटते, पण त्या ओळीचा अर्थ ५ ही −१ पेक्षा लहान असा होतो, आणि अशी एकही संख्या नसते. म्हणजे अनंत उकली असलेल्या असमानतेचे उत्तर ‘उकल नाही’ असे दिले जाते.

टोकाचे प्रकार थोडक्यात. |३क्ष − ६| ≤ ० ची उकल फक्त २. |३क्ष − ६| < ० ला उकल नाही. |३क्ष − ६| > −१ ही प्रत्येक वास्तव संख्येला खरी.

दोन्ही बाजूंना केवल मूल्य असेल तर वर्ग करता येतो, कारण दोन्ही बाजू ऋणेतर असतात व वर्ग केल्याने क्रम बदलत नाही. |क्ष − १| < |क्ष − ५| वरून क्ष² − २क्ष + १ < क्ष² − १०क्ष + २५, म्हणजे ८क्ष < २४, क्ष < ३. अंतराच्या भाषेत हे एका नजरेत दिसते : ५ पेक्षा १ च्या जवळ असणारे बिंदू म्हणजे मध्यबिंदू ३ च्या डावीकडचे. एका बाजूला केवल मूल्य व दुसरीला साधी राशी असेल, तर ती राशी ऋण नाही हे पाहिल्याखेरीज वर्ग करू नये.

त्रिकोण असमानता : |अ + ब| ≤ |अ| + |ब|. सिद्धता दोन ओळींची आहे. कोणतीही संख्या −|अ| ≤ अ ≤ |अ| या मर्यादेत असते. ब साठीही तेच लिहून बेरीज केली की अ + ब ही −(|अ| + |ब|) आणि |अ| + |ब| यांच्या दरम्यान येते. दोन्ही संख्या एकाच चिन्हाच्या असतील किंवा त्यांतील एक शून्य असेल तरच बरोबरी होते. नावातला त्रिकोण प्रत्यक्ष दिसतो तो प्रतलात, जेथे एका बाजूची लांबी उरलेल्या दोहोंच्या बेरजेपेक्षा जास्त नसते. गुणाकार मात्र बरोबरीने वागतो : |अब| = |अ||ब|.

इतर : |क्ष| चा आलेख शून्यापाशी टोक असलेल्या कोनासारखा असतो, फल सर्वत्र संतत असते, पण शून्यापाशी अवकलज (त्या बिंदूपाशीचा चढ) नसतो, कारण डावीकडून चढ −१ व उजवीकडून १ येतो. दोन संख्यांतील मोठी संख्या (अ + ब + |अ − ब|)/२ या सूत्राने मिळते. दिलेल्या निरीक्षणांपासूनच्या अंतरांची बेरीज किमान करणारी संख्या म्हणजे त्यांचा मध्यक. अशा बेरजेवर आधारलेली रीत बॉस्कोविच यांनी १७५७ मध्ये पृथ्वीच्या आकाराच्या मापनांसाठी वापरली होती, म्हणजे १८०५ मध्ये लझांद्र यांनी प्रसिद्ध केलेल्या लघुतम वर्ग रीतीच्याही (अंतरांच्या वर्गांची बेरीज किमान करण्याच्या रीतीच्याही) आधी.

संमिश्र संख्या अ + ब√−१ हिचा मापांक √(अ² + ब²) असतो. ३ + ४√−१ चा ५. वरची दोन्ही सूत्रे (गुणाकाराचे व त्रिकोणाचे) पाळणारी आणखीही केवल मूल्ये परिमेय संख्यांवर देता येतात. २ या मूळ संख्येला धरून १२ चे असे मूल्य १/४ येते, कारण १२ मध्ये २ चा वर्ग अवयव म्हणून आहे. क्षुल्लक प्रकार (शून्याखेरीज प्रत्येक संख्येचे मूल्य १) वगळता परिमेय संख्यांवरची सर्व केवल मूल्ये मूलतः दोन प्रकारांचीच, नेहमीचे किंवा एखाद्या मूळ संख्येला धरून काढलेले, हा सिद्धांत ओस्ट्रोव्स्की यांचा (१९१६ च्या सुमारास).

संगणकात ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकांची सीमा −२१४७४८३६४८ पासून २१४७४८३६४७ पर्यंत असते. खालच्या टोकाच्या संख्येचे केवल मूल्य या मर्यादेत बसत नाही, आणि जावा भाषेतील मानक फल त्या संख्येसाठी तीच ऋण संख्या परत देते.