भाडेकरू की मुंडकार? म्हापशात जुनं घर बघताना

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर म्हापशाला खोर्लीत एक घर बघायला गेलो होतो. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, पुढे बसायला सोपो, मागे विहीर. सगळं मिळून साडेतीनशे चौरस मीटर जागा. किंमत ऐकली आणि पुन्हा एकदा विचारून घेतली. तेवढ्यात हल्ली शहरात धड फ्लॅट येत नाही. वाळवीने दोन वासे पोखरले होते, पण त्यामुळे काही एवढी किंमत उतरत नाही.

खरं कारण परसात होतं. दलाल सहज बोलल्यासारखं बोलून गेला, "मागे एक म्हातारी राहते. भाडेकरू आहे. कैक वर्षं भाडं दिलेलं नाही, त्यामुळे काढायला सोपं."

मागे गेलो. मुख्य घरापासून सुटं, मातीच्या भिंतींचं दोन खोल्यांचं घर. दारात तुळस, भिंतीवर विजेचा वेगळा मीटर. म्हातारीला बोलतं केलं तर ती म्हणाली, "भाडें आमी केन्नाच दिवंक ना. घर म्हज्या मांवान बांदलें, भाट तेवडें भाटकाराचें." म्हणजे घर तिच्या सासऱ्याने बांधलेलं, जमीन तेवढी मालकाची.

भाडं दिलेलं नाही, हे दलालही म्हणत होता आणि म्हातारीही. पण तो भाडं थकलंय म्हणत होता आणि ती भाडं कधी नव्हतंच म्हणत होती. गोव्यात या दोन बोलण्यांना दोन वेगळे कायदे लागतात: एक भाडेकरूचा, दुसरा मुंडकाराचा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचा. जुनं, स्वस्त घर घेणारा नेमका इथे फसतो.

भाडेकरू आधी घेऊ, कारण तो सोपा. घर मालकाचं, मालकानेच बांधलेलं किंवा विकत घेतलेलं. दुसरा माणूस त्यात भाडं देऊन राहतो. त्याला १९६८ चा भाडे नियंत्रण कायदा लागतो. त्याला बाहेर काढायचं तर रेंट कंट्रोलरकडे अर्ज करावा लागतो आणि कायद्यात दिलेलंच कारण दाखवावं लागतं: भाडं थकवलं, परस्पर पोटभाडेकरू ठेवला, राहायच्या जागेत दुकान थाटलं, मालकाला स्वतःला राहायला जागा हवी आहे, वगैरे. थकबाकी भरून टाकायची वाट त्याला असते, म्हणजे 'भाडं दिलेलं नाही, काढायला सोपं' हे भाडेकरूच्या बाबतीतही अर्धंच खरं. वर्षं जातात, वकिलाची फी जाते. पण शेवटी तो गेला की भिंती तुमच्या, परस तुमचं, विहीर तुमची. जमिनीचा एक वीतही तो सोबत नेत नाही.

मुंडकार म्हणजे वेगळंच प्रकरण, आणि गोव्याबाहेरून आलेल्या मराठी माणसाला ते पटकन डोक्यात शिरत नाही. आमच्याकडे माडांच्या, काजूच्या बागायतीला भाट म्हणतात आणि भाटाच्या मालकाला भाटकार. पूर्वी भाटकार आपल्या भाटात एखाद्या कुटुंबाला घर करून राहू द्यायचा. त्या कुटुंबाने नारळांवर नजर ठेवायची, पाडेली (नारळ पाडणारा) आला की हाताशी राहायचं, भाटकाराच्या घरी लग्नकार्य असलं की राबायचं. पैशाचा व्यवहार नाही, कागद नाही. पिढ्या गेल्या, शहर वाढत भाटापर्यंत आलं, माड तोडून रस्ते झाले, आणि ती घरं नगरपालिकेच्या वॉर्डात येऊन पडली. भाटकार उठ म्हणाला की उठायचं, ही त्या कुटुंबांची अवस्था गोवा मुक्तीनंतरही बरीच वर्षं होती. शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना १९७५ मध्ये मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा झाला, तेव्हा ती बदलली.

या कायद्याने मुंडकार कोण ठरतो? भाटकाराच्या संमतीने त्याच्या जमिनीत कायम घर करून राहणारा. भाटकाराची चाकरी करत असो वा नसो, त्याने फरक पडत नाही. आणि कोण ठरत नाही, हे कायदा जास्त स्पष्ट सांगतो: घराचं भाडं देणारा ठरत नाही. भाटकाराच्याच घराच्या एखाद्या भागात पगारावर राहणारा गडी किंवा चौकीदार ठरत नाही. घराची राखण करायला म्हणून ठेवलेला माणूस ठरत नाही. गिरणी-कारखान्यातल्या नोकरीमुळे मालकाच्या खोलीत राहणारा ठरत नाही.

म्हणजे भाड्याच्या पावत्या निघाल्या तर तो भाडेकरू. पावतीच नाही, कधी नव्हतीच, तर तो बहुधा मुंडकार. दलाल ज्याला सोय समजत होता तीच सगळ्यात मोठी अडचण होती. (तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. त्याला खरंच माहीत नव्हतं, आणि ते जास्त वाईट.)

बरं, मुंडकार निघाला तर काय होतं? त्याला तुम्ही उठवू शकत नाही, एवढ्यावर ते थांबत नाही. ते घर आणि भोवतालची जागा विकत घ्यायचा हक्क कायद्याने त्याला दिलाय. किंमत जुळत नसेल तर मामलेदार ठरवतो. जागा किती, तेही कायद्यात आहे: बाहेरच्या भिंतीपासून पंचायतीच्या हद्दीत ५ मीटरपर्यंत, शहरात २ मीटरपर्यंत. नाहीतर त्याऐवजी घरासकट एकूण पंचायतीत ३०० आणि शहरात २०० चौरस मीटर. माझ्यासमोरच्या साडेतीनशे मीटरमधून दोनशे वजा करून बघा. उरलेल्या दीडशेत वाळवी लागलेलं मुख्य घर आणि पुढचा सोपो. मी किंमत मात्र साडेतीनशेची मोजणार होतो.

जमीन विकली म्हणून हा हक्क संपत नाही. कायद्याच्या लेखी भाटकार म्हणजे ज्या जमिनीवर मुंडकाराचं घर आहे तिचा मालक. खरेदीखतावर सही केली की त्या दिवसापासून भाटकार तुम्ही. माझे आजोबा एका भाटकाराचे मुंडकार होते. नातू खोर्लीत भाटकार झालेला बघून त्यांना हसू आलं असतं.

तेव्हा भाडेकरू असलेल्या घरात विचारायचं ते किती वर्षं लागतील, आणि मुंडकार असलेल्या जागेत किती जमीन उरेल. पहिल्याची किंमत घासाघीस करून कमी करता येते. दुसऱ्यात मुळात काय विकत मिळतंय तेच आधी मोजावं लागतं. मुंडकाराचं घर एका कोपऱ्यात असेल आणि जागा मोठी असेल तर व्यवहार करायला हरकत नाही असं मी म्हणेन, फक्त त्याचा वाटा आधी आखून, त्याच्या नावावर करून, मग उरलेल्याची किंमत बोलावी. तो खर्च विकणाऱ्याने करावा. घाईत असलेला भाटकार, विशेषतः मुंबईला राहणारा, "ते तुम्ही नंतर बघून घ्या" म्हणतो. अशा वेळी चहा पिऊन परत यावं.

उलट बाजूही आहे. कधी मुंडकारच घर विकायला काढतो, आणि ते त्याहून स्वस्त असतं. मामलेदाराने 'हा मुंडकार आहे' असं ठरवल्याचा आदेश तो दाखवतो, घरपट्टीची पावती दाखवतो, वीजबिल दाखवतो. सगळं खरं असतं. पण मुंडकार ठरणं वेगळं आणि जागा विकत घेऊन मालक होणं वेगळं. खरेदी पूर्ण होऊन तसा दाखला मिळालेला नसेल तर जमीन अजून भाटकाराचीच आहे. तुम्ही त्याच्या घरात राहायला गेलात म्हणून तुम्ही मुंडकार होत नाही, कारण तुम्हाला तिथे भाटकाराने बसवलेलं नाही. दाखला असेल तर त्यातल्या अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. भाडेकरूने घर 'विकायला' काढलं तर वाचायचं काहीच नाही, त्याच्याकडे विकण्यासारखं काही नसतंच.

घरपट्टीच्या पावतीवर लोक फार विसंबतात. नगरपालिका कर जो भरेल त्याच्याकडून घेते, मालकी ठरवत बसत नाही. पण एक सुगावा त्यातून मिळतो: भाड्याच्या घराची घरपट्टी सहसा मालकाच्या नावावर असते, मुंडकाराच्या घराची बऱ्याचदा त्याच्या स्वतःच्या.

बाकीचे कागद सांगतो. शहरात सिटी सर्व्हे झालाय, तिथे चलता नंबर (जागेचा सर्व्हे क्रमांक) आणि पी. टी. शीट नंबर (नकाशाच्या पानाचा क्रमांक) घेऊन फॉर्म डी, म्हणजे त्या जागेचा उतारा काढा. सिटी सर्व्हेबाहेरच्या जागेला एक-चौदाचा उतारा, आणि त्यातला इतर हक्कांचा रकाना आधी बघा, मालकाचं नाव नंतर. नकाशाही काढा, त्यात प्रत्येक बांधकाम दिसतं. मालकाच्या एका घराऐवजी दोन चौकोन दिसले तर दुसऱ्यात कोण राहतं ते विचारा. मामलेदार कचेरीत मुंडकारांची नोंदवही असते. तिच्यात नाव नसलं तरी निर्धास्त होऊ नका, नाव नोंदवलं नाही म्हणून मुंडकारपण जात नाही. दिवाणी कोर्टात भांडण गेलं तरी हा मुंडकार की नाही, एवढा प्रश्न मामलेदाराकडेच येतो. आणि विकणारा लग्न झालेला असेल तर बायकोची सही हवीच. पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे इथे नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक असते, उताऱ्यावर एकट्याचं नाव असलं तरीही.

मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मोजपट्टी घेऊन गेलो. दलाल गाडीतच बसून राहिला. म्हातारीने पट्टीचं टोक स्वतः भिंतीला धरलं आणि मी चालत गेलो. दोन मीटर भरले तेव्हा माझा पाय विहिरीच्या कठड्याला लागला होता.

"बांय मातशी म्हजी, मातशी तुमची," (विहीर थोडी माझी, थोडी तुमची) ती म्हणाली आणि पट्टी सोडून चुलीवरचा भात बघायला आत गेली.