काळ्या स्क्रीनमागची हलगी

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानातून सुटे भाग आणून माझ्या भाच्यानं घरीच पीसी जोडला. एएम-५ सॉकेटचा मदरबोर्ड, त्यावर एएमडी कंपनीचा रायझन प्रोसेसर, डीडीआर-५ रॅमच्या १६-१६ जीबीच्या दोन स्टिक, एक एनव्हीएमई एसएसडी. रात्री साडेनऊला बटण दाबलं. पंखे फिरले, कॅबिनेटमधले रंगीत दिवे लखलखले, स्क्रीन मात्र काळी ती काळीच. मिनिटभर वाट बघून त्यानं मागचा स्विच बंद केला, रॅम काढून पुन्हा बसवली, पुन्हा बटण. पुन्हा काळोख. असं चार वेळा झाल्यावर मला फोन आला, "ओ मामा, गंडलं की ओ सगळं!"

मी पोचेपर्यंत घरात निदानं तयार होती. ताईचं म्हणणं, अमावास्येला नवी वस्तू सुरू करायचीच नसते. शेजारच्या काकांचं म्हणणं, व्हायरस असणार. (विंडोज अजून टाकलेलंसुद्धा नव्हतं.) आणि दुकानदारानं फोनवर सांगितलं होतं, "रॅम कमी पडतीया. अजून दोन स्टिक टाका, पळतंय बघा." तिन्हींत सगळ्यात चुकीचं निदान हे शेवटचं. का, ते पुढे येईलच.

मी एवढंच केलं, बटण दाबलं आणि भाच्याला खुर्चीवर हाताची घडी घालून बसवलं. मदरबोर्डच्या कडेला चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. त्यातला डीरॅमचा, म्हणजे रॅमचा, पिवळा दिवा पेटलेला होता. चार मिनिटं दहा सेकंदांनी तो विझला आणि स्क्रीनवर कंपनीचं बोधचिन्ह उगवलं.

बिघाड काहीच नव्हता. त्या चार मिनिटांत यंत्र जे करत होतं त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, आणि खरं सांगायचं तर हा लेख मी त्याच्याच प्रेमापोटी लिहितोय. मंद सुरुवातीची बाकीची कारणं शेवटी चार ओळींत उरकणार आहे.

रॅमची एक पेशी म्हणजे एक इवलासा कपॅसिटर आणि एक ट्रान्झिस्टर. १९६६ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना ही कल्पना सुचली आणि आजची रॅम त्याच तत्त्वावर चालते. विद्युतभार आहे म्हणजे १, नाही म्हणजे ०. भार गळतो म्हणून तो सतत पुन्हा भरावा लागतो, हे शाळा-कॉलेजात वाचलेलं असतं. पण आपली भानगड पेशीत नाही. ती रस्त्यात आहे, प्रोसेसरपासून रॅमपर्यंतच्या तांब्याच्या रेघांत.

भाच्याच्या रॅमच्या खोक्यावर ६००० लिहिलेलं आहे. दुकानात त्याला बिनदिक्कत '६००० मेगाहर्ट्झ' म्हणतात. ते खोटं आहे, घड्याळ ३००० मेगाहर्ट्झचंच असतं. प्रत्येक ठोक्याच्या चढावर एक आणि उतारावर एक असे दोन बिट जातात, म्हणून एका तारेतून सेकंदाला ६०० कोटी बिट. म्हणजे एका बिटाच्या वाट्याला सेकंदाचा सहाशे कोटीवा भाग, १६७ पिकोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाश मोकळ्या जागेत ५ सेंटिमीटर जातो. मदरबोर्डच्या तांब्यात सिग्नल साधारण निम्म्या वेगानं धावतो, म्हणजे अडीच सेंटिमीटर. आता मोजपट्टी घ्या: रॅमची स्टिक १३ सेंटिमीटरांहून थोडी लांब असते. याचा अर्थ पहिला बिट स्टिकच्या टोकाशी पोचायच्या आत त्याच्यामागे आणखी चार-पाच बिट रस्त्याला लागलेले असतात.

इथे मला महाद्वार रोडवरची विसर्जन मिरवणूक आठवते. पुढे हलगीवाला, मागे लेझीम खेळणाऱ्या पोरांची लांबच लांब रांग. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. हलगीपासून ३४ मीटर मागे असलेल्या पोराला ठोका सेकंदाच्या दहाव्या भागानं उशिरा ऐकू येतो, आणि तो कितीही तयारीचा असला तरी पुढून बघणाऱ्याला त्याची लेझीम मागे पडलेली दिसते. चूक पोराची नाही, अंतराची आहे.

रॅममध्ये हेच होतं. स्टिकवर चिपांची रांग असते. घड्याळाचा ठोका, म्हणजे आपली हलगी, एका चिपकडून पुढच्या चिपकडे असा रांगेनं जातो. ही रचना डीडीआर-३ पासून रूढ झाली. पण डेटाच्या तारा मात्र प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरकडून प्रत्येक चिपकडे स्वतंत्रपणे जातात. हलगी रांगेतून, निरोप थेट. डीडीआर-५ मध्ये स्टिकचे दोन भाग पाडून प्रत्येकाला वेगळी हलगी दिली आहे, म्हणजे साध्या १६ जीबीच्या स्टिकवर चार-चार चिपांच्या दोन रांगा. तरी पहिल्या आणि चौथ्या चिपच्या ठोक्यात एखाद-दीड बिटाचा फरक पडतोच. म्हणून कंट्रोलरला प्रत्येक चिपसाठी डेटा मुद्दाम थोडा थोडा उशिरा सोडावा लागतो. किती उशिरा? ते कुणालाच आधी माहीत नसतं. विचारावं लागतं.

विचारण्याची पद्धत मला फार आवडते. डेटाच्या सोबत स्ट्रोब नावाची एक खूण जाते, 'आता वाच' असं सांगणारी. कंट्रोलर एका चिपला नुसती ती खूण पाठवतो आणि चिप उत्तर देते, माझ्याकडे खूण आली तेव्हा हलगीचा ठोका खाली होता, ०. कंट्रोलर खूण केसभर पुढे ढकलतो. पुन्हा ०. पुन्हा केसभर. ०, ०, ०... आणि मग एकदम १. ० चा १ जिथे झाला तिथे ठोका वर उचलला गेला. त्या चिपचा उशीर सापडला, पुढची चिप. याला राइट लेव्हलिंग म्हणतात.

हे झालं फक्त लिहिण्याचं. वाचताना उलटा प्रवास, त्याचे उशीर वेगळे. तिथे कंट्रोलर आधीच ठरलेला बिटांचा नमुना वाचून बघतो आणि वाचण्याचा क्षण मागेपुढे सरकवतो. जुन्या रेडिओवर सांगली केंद्र लावताना आपण हेच करायचो: गोल बटण डावीकडे फिरवलं की खरखर, उजवीकडे फिरवलं की खरखर, मग दोन्ही खरखरींच्या बरोबर मध्ये बटण ठेवायचं. कंट्रोलरही दोन्हीकडच्या चुकांच्या कडा शोधतो आणि मध्यावर थांबतो. शिवाय किती व्होल्टच्या वर १ मानायचा आणि खाली ०, ती रेघही अशीच खालीवर सरकवून ठरवायची. वेळ आडवी, व्होल्टेज उभं असा आलेख काढला की बरोबर वाचल्याच्या जागांचा आकार डोळ्यासारखा दिसतो, आणि इंजिनीअर त्याला 'आय' असंच म्हणतात. वेग वाढला की हा डोळा किलकिला होत जातो.

डीडीआर-५ मध्ये आणखी एक उपद्व्याप आहे. एवढ्या वेगात आधीच्या बिटाचा निनाद विरायच्या आत पुढचा बिट येऊन ठेपतो. खासबाग मैदानाच्या भोंग्यावर घोषणा करणारा भराभर बोलला की शब्दांवर शब्द चढतात, तसं. यावर उपाय म्हणून चिपमध्येच एक सर्किट बसवलंय. ते नुकत्याच येऊन गेलेल्या चार बिटांकडे बघतं, त्यांचा उरलेला निनाद किती असेल त्याचा हिशेब करून तेवढा आताच्या सिग्नलमधून वजा करतं. डिसिजन फीडबॅक इक्वलायझेशन असं त्याचं नाव. त्या चार वजाबाक्यांचे गुणकही प्रत्येक तारेसाठी वेगळे, आणि तेही ट्रेनिंगमध्येच ठरतात. (इथे दमला असाल तर पुढच्या परिच्छेदावर उडी मारा, काही बिघडत नाही.)

आता गुणाकार करा. दोन स्टिक म्हणजे डेटाच्या १२८ तारा. समजा प्रत्येक तारेवर वेळेच्या ६० आणि व्होल्टेजच्या ४० पायऱ्या तपासायच्या, तर तपासण्या तीन लाखांच्या वर, आणि एकेका तपासणीत बिटांची अख्खी माळ. आणि हे करतं कोण? एएमडीच्या प्रोसेसरमध्ये मोठे गाभे (कोअर) तेव्हा झोपलेलेच असतात. हे काम आतला एक छोटासा एआरएम प्रोसेसर त्याच्या पदरच्या चिमूटभर मेमरीत करतो. बरोबर आहे, रॅम अजून वापरण्याजोगीच झालेली नाही, मोठ्यांना उठवून बसवायचं कुठे? स्क्रीन काळी राहते ती याचमुळे. 'थांबा, काम चालू आहे' असा निरोप लिहायलाही अजून कुणी जागं झालेलं नसतं.

म्हणजे भाचा दर वेळी मिनिटभरात स्विच बंद करत होता तेव्हा तो अर्धा झालेला अभ्यास पुसून टाकत होता. आणि दुकानदाराचा सल्ला? आणखी दोन स्टिक म्हणजे त्याच तारांवर आणखी चिपा, आणखी ट्रेनिंग, सुरुवात आणखी उशिरा. वर रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीनं दिलेला वेग दोन स्टिकला ५२००, चार स्टिकला ३६००. रस्ता तोच आणि पोरं दुप्पट, दुसरं काय होणार.

"मग एकदा शोधलेले आकडे वहीत लिहून का ठेवत नाहीत?" भाच्याचा प्रश्न रास्त होता. लिहून ठेवतात. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्राममध्ये, 'मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर' नावाचा पर्याय असतो. तो चालू केला की मागच्या वेळचे आकडे जसेच्या तसे वापरले जातात. इंटेलच्या बोर्डांवर 'एमआरसी फास्ट बूट' साधारण हेच करतं. कारखान्यातच ते आकडे भरून देता येत नाहीत, कारण ते या बोर्डाचे, या प्रोसेसरचे आणि या स्टिकचे मिळून असतात, त्यातली एक वस्तू बदलली की हिशेब बदलला. तापमानानंही ते थोडे सरकतात. म्हणून जुनी वही वापरायची सवलत कधी अंगाशी येते आणि विंडोज कोलमडल्याची निळी स्क्रीन दिसू लागते. तसं झालं तर 'पॉवर डाउन एनेबल' हा पर्यायही जोडीनं चालू करून बघायचा, नाहीतर सवलत बंद करून दर वेळी थांबायची तयारी ठेवायची.

आता राहिलेली कारणं. टास्क मॅनेजर उघडा, स्टार्टअप अ‍ॅप्सवर जा. वरच्या कोपऱ्यात 'लास्ट बायोस टाइम' असा आकडा दिसतो. विंडोजच्या हातात सूत्रं येण्याआधी किती सेकंद गेले ते तिथे लिहिलेलं असतं. भाच्याच्या पीसीवर दुसऱ्या दिवशी ४१ सेकंद होते. हा आकडा मोठा असेल तर दोष बायोसच्या बाजूला: रॅम ट्रेनिंग, जुन्या पीसीतली कुरकुरणारी हार्ड डिस्क उगाच जोडलेली असणं, नेटवर्कवरून बूट व्हायचा पर्याय सुरू राहिलेला असणं. आकडा लहान आणि तरी उशीर, तर त्याच पानावरची आपोआप सुरू होणारी अ‍ॅप्स बंद करा. 'पीसी बूस्टर', 'रॅम क्लीनर' असल्या गोष्टी टाकू नका. त्या स्वतःच सुरुवातीला लोड होणारं आणखी एक ओझं असतात, आणि ट्रेनिंगच्या वेळी तर त्यांचा जन्मही झालेला नसतो. बोर्डावर रॅमच्या चार खाचा आणि स्टिक दोन असतील, तर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा. पंधरा मिनिटांनीही पिवळा दिवा जाईना, तर मात्र एकच स्टिक दुसऱ्या खाचेत ठेवून बघायचं, मग दुसरी.

सवलत चालू केल्यावर भाच्याचा आकडा १३ सेकंदांवर आला. ताईनं दरम्यान कॅबिनेटला लिंबू-मिरची बांधली होती, नेमकी पुढच्या जाळीवर, जिथून थंड हवा आत जाते. ती मी काढून दाराला लावली. गेल्या रविवारी त्यानं बायोस अपडेट केलं आणि स्क्रीन पुन्हा काळी झाली. जुनी वही पुसली गेली होती. या वेळी फोन आला नाही. संध्याकाळी मेसेज आला, "मामा, ३ मिनिटं ५५. मागच्यापेक्षा १५ सेकंद कमी. का?"

उत्तर अजून दिलेलं नाही. त्या दिवशी घरात पंखा चालू होता का, एवढं विचारून ठेवलंय.