विद्यार्थ्यांच्या हाती अनुदानाची थैली

अमेरिकेतल्या काही महाविद्यालयांत वर्गाच्या हाती खरे पैसे असतात आणि ते कुठल्या सेवाभावी संस्थेला द्यायचे हे विद्यार्थी ठरवतात. ही पद्धत यायला बराच काळ लागला. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी श्रीमंतांनी संपत्तीचे काय करावे यावर १८८९ साली लेख लिहिला. पुढे अमेरिकेत मोठमोठी फाउंडेशन, म्हणजे अनुदाने देणाऱ्या संस्था, उभी राहिली, पण पैसा कुणाला द्यायचा हे विश्वस्त बंद दाराआड ठरवत. इंडियाना विद्यापीठाने १९८७ साली इंडियानापोलिसला दातृत्वाच्या अभ्यासाचे केंद्र काढले, तेव्हा या विषयाला विद्यापीठात हक्काची जागा मिळाली. तरी तो अभ्यास मुख्यतः पुस्तकी होता.

करून शिकण्याची वाट वेगळीकडून आली. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांचा अनुभवातून शिक्षणाचा विचार जुनाच. ब्राउन, जॉर्जटाउन आणि स्टॅनफर्ड विद्यापीठांच्या प्रमुखांनी १९८५ साली ‘कॅम्पस कॉम्पॅक्ट’ ही महाविद्यालयांची संघटना स्थापन केल्यावर समाजसेवा अभ्यासक्रमाला जोडण्याला जोर आला. मात्र विद्यार्थी वेळ देत, श्रम देत. पैशाचे निर्णय त्यांच्याकडे नव्हते. मिशिगनमध्ये १९८८ पासून केलॉग फाउंडेशनच्या पाठबळावर किशोरवयीन मुलांच्या समित्या अनुदाने ठरवू लागल्या होत्या. जे शाळकरी मुलांना जमत होते, ते महाविद्यालयात यायला आणखी दशकभर गेले.

नॉर्दर्न केंटकी विद्यापीठात २००० च्या सुमारास मेयरसन फाउंडेशनच्या पैशातून विद्यार्थ्यांनीच अनुदान ठरवण्याचे वर्ग सुरू झाले. गुंतवणूकदार वॉरन बफे यांच्या थोरल्या भगिनी डोरिस यांनी ही कल्पना देशभर नेली. त्यांच्या ‘लर्निंग बाय गिव्हिंग’ या फाउंडेशनकडून एका वर्गाला साधारण १०,००० डॉलर मिळत. स्वतः डोरिस मदत मागणारी अनोळखी माणसांची पत्रे वाचून निर्णय घेत. वर्गाकडूनही त्यांना तेच करून घ्यायचे होते, असे मला वाटते.

वर्ग विषय ठरवतो, अर्ज मागवतो, छाननी करतो. संस्थांनी करखात्याला दिलेले वार्षिक विवरणपत्र, फॉर्म ९९०, कुणालाही पाहता येते. ते उघडून बसावे लागते. त्यातला प्रशासकीय खर्चाचा आकडा पहिल्यांदा हमखास खुपतो. मग प्रत्यक्ष भेटीत कळते की त्याच पैशातून हिशेब लिहिणाऱ्या बाईंचा पगार निघतो, आणि त्या नसत्या तर हा अर्जही वेळेवर आला नसता. शेवटच्या तासाला दोन चांगले अर्ज समोर असतात आणि पैसे एकालाच पुरणारे. एरवी गप्प बसणारा विद्यार्थीही तेव्हा बोलतो, कारण ‘दोन्ही बाजूंत तथ्य आहे’ असे लिहून इथे सुटता येत नाही.

या पद्धतीवरचा एक आक्षेप मला रास्त वाटतो. चार माणसांची संस्था कामातून वेळ काढून अर्ज लिहिते, विद्यार्थ्यांना सगळे दाखवते आणि बहुतेकदा रिकाम्या हाताने राहते. काही ठिकाणी विद्यार्थी फक्त शिफारस करतात, पैसे एखादी कंपनी किंवा फाउंडेशन देते. पण संस्थेचा वेळ तरीही जातोच. म्हणून अर्ज दोन पानांचा असावा, आणि नकाराचे पत्र, कारणांसकट, विद्यार्थ्यांनीच लिहावे.