वरिष्ठाला ‘थांबा’ म्हणण्याचा इतिहास

पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत एचआरच्या प्रेझेंटेशनमध्ये हल्ली ‘सायकॉलॉजिकल सेफ्टी’ची, म्हणजे चूक कबूल केली किंवा वरिष्ठाला टोकलं तरी त्रास होणार नाही या भरवशाची, एक स्लाइड हमखास असते. वर हसरे चेहरे, खाली ‘मोकळेपणाने बोला’. या कल्पनेचा जन्म झाला त्या जागा मात्र फारशा हसऱ्या नव्हत्या.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हार्वर्डमध्ये पीएच.डी. करणाऱ्या एमी एडमंडसन रुग्णालयांत औषध देताना होणाऱ्या चुकांवरच्या एका अभ्यासात सहभागी होत्या. ज्या वॉर्डात टीमवर्क चांगलं, तिथे चुका कमी, असं आकडे सांगतील ही त्यांची अपेक्षा. आकड्यांनी उलटंच सांगितलं: चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त! मग एका सहायकाला, निष्कर्षांची कल्पना न देता, वॉर्डांत निरीक्षणाला पाठवलं. उलगडा झाला तो असा, की काही वॉर्डांत चूक झाली की नर्स ती लगेच सांगत, तिच्यावर चर्चा होई; काही ठिकाणी बोलणी बसतील या धास्तीने ती दडपली जाई. म्हणजे चुका जास्त होत होत्या असं नव्हे, त्या उघडपणे सांगितल्या जात होत्या. ‘आमच्याकडे एकही तक्रार नाही’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या प्रत्येक मॅनेजरने हा अभ्यास वाचायला हवा, असं मला वाटतं.

कल्पना तशी जुनी. व्यवस्थापनाचे अभ्यासक एडगर शाइन आणि वॉरेन बेनिस यांनी १९६५मध्येच लिहून ठेवलं होतं, की संस्थेत बदल घडवायचा तर माणसांना आधी सुरक्षित वाटलं पाहिजे. १९९०मध्ये विल्यम कान यांनी उन्हाळी शिबिरातले मार्गदर्शक आणि एका आर्किटेक्चर फर्ममधले लोक कामात जीव कधी ओततात आणि कधी अंग काढून घेतात, हे तपासताना तोच धागा पुन्हा उचलला.

पण वरिष्ठांसमोर गप्प बसण्याची किंमत किती, हे सगळ्यात आधी मोजावं लागलं ते विमान वाहतुकीला. २७ मार्च १९७७. कॅनरी बेटांवरच्या तेनेरिफेच्या विमानतळावर दाट धुकं होतं. केएलएम या डच कंपनीचं जम्बो विमान उड्डाणासाठी धावपट्टीवर निघालं, तेव्हा पॅन अ‍ॅम या अमेरिकी कंपनीचं जम्बो त्याच धावपट्टीवर होतं. केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. त्याने विचारलं, ते पॅन अ‍ॅमवालं बाजूला झालेलं नाही का? कॅप्टन म्हणजे कंपनीतला बडा प्रशिक्षक, जाहिरातींत झळकलेला चेहरा. ‘झालंय’, असं त्याने ठासून सांगितलं आणि विषय संपला. ५८३ माणसं गेली. त्या इंजिनिअरचं वाक्य प्रश्नार्थक होतं, याकडे लक्ष द्या. साहेबांची चूक दिसली, की आपणही ‘सर, एकदा बघता का?’ असंच विचारतो.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७८मध्ये, अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचं एक विमान चाकांतला बिघाड तपासत घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून कोसळलं. इंधन घटतंय हे सहकाऱ्यांना दिसत होतं. कॅप्टनला ठणकावून कुणी सांगितलं नाही. दहा जण दगावले. १९७९मध्ये नासाने या प्रश्नावर कार्यशाळा घेतली, आणि १९८१पासून युनायटेडने वैमानिकांना नवं प्रशिक्षण सुरू केलं: कनिष्ठाने स्पष्ट बोलायचं, कॅप्टनने ऐकायचं. पुढे ते ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ म्हणून जगभर गेलं. जुन्या वैमानिकांनी सुरुवातीला त्याची टरही उडवली. जुलै १९८९मध्ये अमेरिकेतल्या सू सिटीला सगळी हायड्रॉलिक यंत्रणा, म्हणजे विमान वळवण्याची-वरखाली करण्याची ताकद, गमावलेलं विमान चौघांनी मिळून कसंबसं धावपट्टीपर्यंत आणलं आणि २९६पैकी १८४ जण वाचले. तेव्हा कॅप्टन अल हेन्स यांनी त्याचं श्रेय याच प्रशिक्षणाला दिलं.

१९९९मध्ये एडमंडसन यांनी एका उत्पादक कंपनीतल्या ५१ टीम्सचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि कल्पनेला मोजपट्टी मिळाली. गूगलने २०१२मध्ये ‘प्रोजेक्ट अ‍ॅरिस्टॉटल’ हाती घेतला, शंभराहून अधिक टीम्स तपासल्या आणि यशस्वी टीमचा पहिला गुण सायकॉलॉजिकल सेफ्टी हाच ठरवला. तिथून पुढे स्लाइड्स सुरू झाल्या.

स्लाइडवर न मावणारी गोष्ट मंगळूरच्या अहवालात आहे. २२ मे २०१० रोजी एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान तिथल्या धावपट्टीवरून दरीत कोसळलं, १५८ जण मृत्युमुखी पडले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या चौकशी पथकाने नोंदवलं, की सहवैमानिकाने ‘गो अराउंड’, म्हणजे न उतरता पुन्हा वर चला, असं तीनदा सांगितलं होतं. तरीही कॅप्टन उतरत राहिले. सहवैमानिकाने नियंत्रण मात्र हाती घेतलं नाही. तसा अधिकार त्याला आहे की नाही, याबाबतच्या सूचना संदिग्ध होत्या, हे बहुधा त्याचं कारण असावं, असं अहवाल म्हणतो. म्हणजे इथे तर कनिष्ठ बोलला होता, पण नुसतं बोलणं पुरलं नाही. टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसला की कामगार दोरी ओढतो आणि सुपरवायझरला धावत यावंच लागतं, गरज पडली तर अख्खी लाइन थांबते. तिथे कामगाराच्या हाती दोरी आहे. आपल्याकडच्या बहुतेक कार्यशाळा ‘बोला’ इथवरच थांबतात.

एडमंडसन यांच्या सात विधानांच्या प्रश्नावलीतलं पहिलं विधान साधारण असं आहे: ‘या टीममध्ये चूक केली, की ती बऱ्याचदा तुमच्याविरुद्ध धरली जाते.’ आता हे विधान कंपन्यांच्या ऑनलाइन सर्व्हेंतही असतं. सर्व्हेची लिंक एचआरकडून येते, अप्रेझलचं पत्रही तिथूनच येतं, आणि लोक मुकाट्याने ‘असहमत’वर टिक करून मोकळे होतात.