शिंगराला लगामाची सवय लावणे

शिंगराला लगामाची सवय लावणे : स्वारीला किंवा गाडीला जुंपण्याआधी तरुण घोड्याला डोक्यावरचे चामडी पट्टे आणि तोंडातली कडी निवांतपणे बाळगायला व त्या कडीतून येणारी खूण ओळखायला शिकवण्याची रीत. शिंगरू म्हणजे खरे तर घोडीचे पिल्लू. पण कामाला न लागलेल्या दोन-तीन वर्षांच्या घोड्यालाही इथे शिंगरूच म्हटले आहे. कडी तोंडात राहू देणे आणि तिची भाषा कळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. घोडा लगाम घालू देऊ लागला की शिक्षण झाले असे मानून कुणी घाईने पाठीवर बसतो, आणि पुढे वर्षानुवर्षे ज्याच्या-त्याच्या हातात ओढ खाणारा, मान झटकणारा घोडा तयार होतो.

‘लगाम’ हा शब्द फारसीतून आला. डोक्यावरचे पट्टे, तोंडातली कडी आणि स्वाराच्या हातातल्या वाद्या या सगळ्या सरंजामाला मराठीत मिळून लगामच म्हणतात. नुसत्या कडीला जुना शब्द ‘कडियाळे’. आजच्या तबेल्यांत आणि रेसकोर्सवर ‘बिट’ म्हणतात. कडी नसलेली, बांधायची किंवा हाती धरून न्यायची ती मोहरकी. घोडा शिकवणारा तो चाबूकस्वार. नावात चाबूक असला तरी लगामाच्या कामात चाबकाला जागा नाही. मान वर झटकणाऱ्या घोड्याला छातीखालून बांधायचा पट्टा म्हणजे जेरबंद. आपण चोर किंवा बिबट्या ‘जेरबंद झाला’ म्हणतो तो शब्द इथून गेला.

तोंडाची रचना

घोड्याच्या जबड्यात पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये दात नसलेली जागा असते. नरांना तिथे साधारण चार-पाच वर्षांच्या सुमारास सुळे येतात, माद्यांना बहुधा येत नाहीत; पण सुळ्यामागे दाढेपर्यंत जागा मोकळीच राहते. कडी तिथे, जिभेवर आणि खालच्या हिरडीवर टेकते. त्या हिरडीखालचे हाड धारेसारखे निमुळते असून वर पातळ कातडीचा थर असतो. आपल्या नडगीवर पेन्सिल ठेवून अंगठ्याने दाबली तर काय वाटते, त्यावरून कडी ओढल्यावर घोड्याला काय होत असेल याचा अंदाज येतो.

म्हणून लगाम आणण्याआधी दात पाहणाऱ्या पशुवैद्याला बोलवावे. पहिल्या दाढेच्या पुढे, बहुतेक वेळा वरच्या जबड्यात, काही घोड्यांना एक बारीक बिनकामाचा दात येतो. इंग्रजीत त्याला लांडग्याचा दात म्हणतात. कडी त्यावर आदळली की घोडा डोके उडवतो आणि माणूस त्याला खोडकर ठरवतो. हा दात आधी काढून घेणे सोपे असते. शिवाय साधारण अडीच ते साडेचार वर्षांच्या दरम्यान दुधाचे दात व पुढच्या दाढा पडून पक्क्या येतात. म्हणजे शिक्षणाचे वय आणि दुखऱ्या हिरड्यांचे वय नेमके एकच. काल शहाण्यासारखे वागणारे शिंगरू आज तोंडाला हात लावू देत नसेल, तर पहिला संशय दातावर घ्यावा, स्वभावावर नंतर.

शर्यतीच्या घोड्यांना दीड वर्षाच्या आसपास लगाम चढतो, कारण त्यांना लवकर धावायचे असते. स्वारीच्या घोड्यासाठी तीन वर्षे हे वय बरे. त्याआधी पट्ट्यांची ओळख करून द्यायला हरकत नाही; कामाची घाई मात्र नको.

लगामाआधीची तयारी

शिंगरू आईजवळ असतानाच मोहरकी घालावी. दोर ताणला की मागे न रेटता पुढे पाऊल टाकायचे, आणि पाऊल टाकले की दोर सैल होतो, हा घोड्याच्या शिक्षणातला पहिला धडा असून पुढचा सगळा लगाम त्याच्यावरच उभा आहे. मोहरकीवर न वळणारे शिंगरू कडीवर वळेल ही अपेक्षाच चुकीची. त्याबरोबर कान, कानांमागचा माथा, ओठ यांवर रोज हात फिरवावा. ओठांच्या कोपऱ्यातून दात नसलेल्या जागी अंगठा घातला की घोडा तोंड उघडतो. हे काही दिवस नुसते खेळासारखे करावे.

कडीचे माप सुतळीने घेता येते. सुतळी तोंडातून घेऊन दोन्ही ओठांच्या कोपऱ्यांशी गाठी माराव्यात. दोन्ही बाजूंना साधारण अर्धा सेंटिमीटर जास्त राहील इतकी कडी हवी. अरुंद कडी ओठ चिमटते, रुंद कडी तोंडात सरकत राहते. पहिल्या लगामासाठी मधे सांधा असलेली किंवा सरळ, गुळगुळीत, दोन्ही टोकांना वाद्या अडकवायच्या गोल रिंगा असलेली साधी कडी, म्हणजे स्नॅफल, वापरतात. ‘जाड कडी म्हणजे मऊ कडी’ हा समज पसरलेला आहे, पण तो सरसकट खरा नाही. जीभ मांसल आणि टाळू बसका असला की जाड कडीला तोंडात जागाच उरत नाही. जिभेवर लोंबणाऱ्या लहान चाव्यांची कडीही मिळते. त्या चाव्यांशी घोडा जिभेने चाळा करतो, तोंड ओले राहते. शांत शिंगराला ती उपयोगी पडते, चुळबुळ्याला नाही.

पहिल्यांदा लगाम घालताना

जागा ओळखीची असावी, पोट भरलेले असावे, आणि हाताशी वेळ असावा. घड्याळाकडे बघत हे काम होत नाही. शिंगराला कुठेही बांधू नये. मोहरकीचा दोर कोपरावर सैल टाकावा. लगामाच्या वाद्या आणि नाकपट्टा आधीच काढून ठेवावेत, म्हणजे लोंबणारे काही राहत नाही. हिवाळ्यातल्या पहाटे लोखंड गार असते, ते मुठीत किंवा कोमट पाण्यात उबवून घ्यावे. कडीला गुळाचे पाणी चोपडण्याची युक्ती चांगली आहे.

शिकवणारा घोड्याच्या डाव्या खांद्याशी, तोंड पुढे करून उभा राहतो. उजव्या हातात लगामाचा माथ्यावरचा पट्टा धरून तो हात घोड्याच्या कपाळाशी नेतो. कडी डाव्या तळव्यावर आडवी असते आणि त्याच हाताचा अंगठा ओठांच्या कोपऱ्यात जातो. तोंड उघडले की उजवा हात लगाम वर घेतो आणि कडी आपोआप आत सरकते. कडी दातांवर ठोकून तोंड उघडायला लावणे ही या कामातली सर्वांत महाग चूक. घोडा ती विसरत नाही. नंतर पट्टा एकेका कानावरून न्यायचा. कान पुढे वाकवून हळूच काढायचा, दुमडून ओढायचा नाही. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांचे कान आत वळून टोकांशी एकमेकांना भिडतात. त्यांच्या बाबतीत तर डाव्या गालाचा पट्टा सोडून, लगाम मानेवरून मोहरकीसारखा घेऊन मग कडी अडकवणे सोपे जाते. घोडा आवरण्यासाठी कान पिरगाळणारे लोक आहेत. त्यांच्या हातून गेलेले शिंगरू पुढे कितीतरी महिने डोक्याला हात लावू देत नाही.

कडी ओठांच्या कोपऱ्यांना टेकेल, कोपऱ्यात एखादी हलकी सुरकुती दिसेल इतकी वर असावी. खाली राहिली तर शिंगरू जीभ मागे ओढून कडीवर टाकते. ही खोड एकदा लागली की सोडवणे फार कठीण, म्हणून पहिल्या आठवड्यात नजर जिभेवर ठेवावी. गळपट्टा चार बोटे उभी मावतील इतका सैल. नाकपट्टा लावायची वेळ येईल तेव्हा त्याच्याखाली, नाकाच्या हाडावर, दोन बोटे सहज जायला हवीत. तोंड उघडू नये म्हणून तो आवळणे म्हणजे दुखणाऱ्याला ओरडू न देणे आहे.

आता घोडा कडी चावेल, जीभ बाहेर काढेल, मान खाली-वर करेल. करू द्यावे. दहा-पंधरा मिनिटे त्याला त्याच्या जागेत मोकळे ठेवावे, पण एकटे सोडून जाऊ नये. कडी खिळ्यात किंवा कडीकोयंड्यात अडकली तर एका झटक्यात जीभ फाटते. लगामाने घोडा कधीही कुठेही बांधायचा नाही, याचे कारणही हेच. चावणे मंदावले, ओठांवर थोडा ओला फेस आला, मान उतरली, की त्या दिवसाचे काम झाले.

लगाम काढताना बहुतेकांचे भान सुटते. पट्टा कानांवरून काढल्यावर हात तिथेच थांबला पाहिजे. घोडा स्वतः तोंड उघडून कडी सोडतो, त्याला एक-दोन श्वासांचा वेळ लागतो. ओढून काढली तर कडी खालच्या दातांत अडकते, घोडा दचकून मान वर फेकतो, कडी आणखी आवळते. दुसऱ्या दिवशी तो लगाम पाहून मागे सरतो आणि घालण्यात काय चुकले याचा शोध सुरू होतो. चूक आदल्या दिवशी काढताना झालेली असते.

खूण कळणे

आठ-दहा दिवस कडी निव्वळ तोंडात राहिल्यावर वाद्या लावतात. घोड्याशेजारी उभे राहून एक वादी बोटांनी, ओल्या फडक्यातले पाणी पिळावे तितक्याच जोराने आवळायची आणि वाट पाहायची. नाक जरासे त्या बाजूला वळले, अगदी बोटभर, की बोटे तत्क्षणी सोडायची. घोडा शिकतो ते या सोडण्यातून. दाब त्याला इतकेच सांगतो की काहीतरी कर. आपण केलेले बरोबर होते हे त्याला दाब गेल्यावर कळते. सुटका दोन-तीन सेकंद उशिरा झाली तर मधल्या काळात त्याने मान झटकली असेल, आणि मग तो मान झटकायला शिकतो. ‘कडक तोंडाचा’ म्हणतात तो घोडा बहुधा असाच घडलेला असतो. काहींच्या हिरडीवर व्रण असतात, पण पुष्कळांच्या बाबतीत दाब कधी सुटतच नाही हे त्यांनी मनाशी पक्के केलेले असते. अशा घोड्याला आणखी जहाल कडी घालणे म्हणजे बहिऱ्यासमोर मोठ्याने ओरडणे.

नंतर लांब दोरावर घोडा वर्तुळात फिरवतात. याला जुन्या मराठीत ‘कावा देणे’ म्हणत. गनिमी काव्यातला कावाही हाच : घोडा वळवून, गिरकी घेऊन हुलकावणी देण्याचा. काव्याचा दोर कडीला न बांधता नाकावरच्या जाड पट्ट्याला बांधावा. पुढची पायरी म्हणजे दोन लांब वाद्या घेऊन घोड्याच्या मागे चालणे. वळ, थांब, चाल या तीन गोष्टी पाठीवर ओझे नसताना कळल्या की स्वाराचा पहिला दिवस घोड्याला निम्माच नवा असतो. पहिले काही आठवडे स्वाराने जिनाला किंवा गळ्याला एक जादा पट्टा बांधून तोल जाताना तोच धरावा. तोल सावरण्यासाठी लगाम धरला की महिन्याची मेहनत वाया जाते.

इतिहासात आणि इतरत्र

उत्तर कझाकस्तानातील बोताय येथे सुमारे इ.स.पू. ३५०० च्या घोड्यांच्या दातांवर कडीची झीज दिसते, असे काही पुरातत्त्वज्ञ मानतात. इतरांनी ते अमान्य केले आहे. इ.स.पू. २००० च्या सुमारास उरल पर्वताच्या पूर्वेला रथांबरोबर लगामाचे गालतुकडे, म्हणजे कडीच्या टोकांना गालाशी बसणारे तुकडे, सापडतात, तिथून पुढे वाद उरत नाही. भारतीयांच्या लगामाविषयी ग्रीक लेखक अरियन याने लिहून ठेवले आहे : घोड्याच्या तोंडाभोवती कच्च्या चामड्याचा शिवलेला पट्टा, त्याला आतून बोथट खिळे, आणि तोंडात सळईसारखे लोखंड, ज्याला वाद्या बांधत. ग्रीकांची कडी इकडे नव्हती. संस्कृतात कडीला ‘खलीन’ शब्द आहे, आणि त्याचा संबंध ग्रीक ‘खालिनोस’शी जोडतात.

सर्वांत संथ आणि माझ्या मते सर्वांत शहाणी पद्धत कॅलिफोर्नियातल्या स्पॅनिश गुराख्यांची. ते तरुण घोड्याच्या तोंडात काही घालतच नसत. नाकावर विणलेल्या कातडी वेढ्याने त्याला सगळे काम शिकवायचे, पक्के दात येईपर्यंत थांबायचे, मग काही काळ वेढा आणि कडी दोन्ही ठेवून हळूहळू कडीवर यायचे. या वेढ्याच्या सरंजामाला ते ‘हाकिमा’ म्हणत. तो शब्द अरबी ‘शकीमा’वरून आला, आणि गंमत अशी की अरबीत शकीमा म्हणजे तोंडातली कडी.

महाराष्ट्रात

ओझ्याच्या तट्टाला लगाम लागत नाही, मोहरकी पुरते. लगामाचा घोडा इथे मुख्यतः शर्यतीचा, वरातीचा, पर्यटकांचा किंवा हौसेचा. माथेरानला मोटारींना बंदी असल्याने घोडा हे वाहन आहे, आणि त्याच्या तोंडाशी दिवसभर नवखे हात खेळतात. तिथे घोडेवाल्याने मोहरकीचा दोर स्वतःच्या हाती ठेवला तर घोड्याचे तोंड वाचते.

वरातीच्या आणि नाचऱ्या घोड्यांना काटेरी कडी घालण्याची चाल मात्र उघड क्रूरता आहे. आतल्या काट्यांनी जीभ व हिरडी फाटते आणि वेदनेने होणाऱ्या हालचालीला लोक रुबाब म्हणतात. ओझ्याच्या व ओढीच्या जनावरांसाठी १९६५ साली केलेल्या केंद्रीय नियमांनी जनावर हाकताना किंवा त्यावर स्वारी करताना काटे व टोके असलेली कडी वापरण्यास मनाई केली आहे.

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची आणि नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तिथे घोड्यांचा मोठा बाजार असतो. गिऱ्हाईक ओठ वर करून पुढचे दात बघते आणि वय ठरवते. त्याच वेळी अंगठा थोडा मागे नेऊन ओठांचे कोपरे, जिभेची कड आणि दात नसलेली हिरडी चाचपावी : जुने व्रण, गाठी, पांढरे पडलेले केस. मग लगाम काढायला सांगावा आणि पुन्हा घालायला सांगावा. घोडा मान खाली आणतो की उंच नेतो, एवढे पाहिले की त्याला कुणी आणि कसे शिकवले ते विकणाऱ्याला विचारावे लागत नाही.